रहस्यकथा मागताना एवढं सांगा

आमच्या पुस्तकांच्या दुकानात रहस्यकथांच्या कपाटापुढे बहुतेक जण लेखकाचं नाव घेतात आणि म्हणतात, "यांच्यासारखंच अजून एक द्या." घोळ इथेच होतो. एकाच लेखकाचं एक पुस्तक कोड्यासाठी वाचलं जातं, दुसरं माणसांसाठी. नुसत्या नावावरून तुम्हाला त्यातलं काय भावलं ते आम्हाला कळत नाही. मग चार पुस्तकं काढायची, तीन परत लावायची, आणि चौथं दोन दिवसांनी बदलायला येतं.

नावाऐवजी शेवटपर्यंत वाचलेलं एकच पुस्तक सांगा, आणि त्यातला खुनी तुम्ही कुठवर ओळखला होता तेही. अर्धवट टाकलेलं पुस्तक आठवत असेल तर फारच उत्तम. कंटाळा जबान्यांचा आला की मारामारीचा, एवढं समजलं तरी निम्मं कपाट बाद होतं. रक्तपात किंवा लहान मुलांवरचे अत्याचार वाचवत नसतील, तर ते आधीच सांगा. शेवट आम्ही कुणालाही सांगत नाही, पण पुस्तकात असं काही आहे का, हे जरूर सांगतो.

स्वतः रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी पुस्तक निवडणं आम्हाला विशेष आवडतं. धागे कुठे पेरलेत ते त्यांना लगेच दिसतं, त्यामुळे "खुनी कोण?" एवढ्यावर ते रमत नाहीत. त्यांना आम्ही आधी उलटी कथा देतो. त्यात गुन्हा आणि गुन्हेगार सुरुवातीलाच समोर येतात, उत्कंठा असते ती तो सापडतो कसा याची. आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी 1912 च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात ही रीत वापरली. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या 2005 च्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्येही खून कोणी केला ते लवकरच कळतं, तरी काय लपवलंय ते हाती लागत नाही. बंद खोलीतला खून हवा असेल, तर जॉन डिक्सन कार यांचं 'द हॉलो मॅन' (1935) घ्या. सतराव्या प्रकरणात त्यातले गुप्तहेर डॉ. फेल कथा थांबवून अशा खुनांच्या युक्त्यांची वर्गवारीच मांडतात. लिहिणाऱ्याने ते प्रकरण पेन्सिल हातात घेऊन वाचावं. लेखकाला भेट द्यायची असेल, तर त्याच्या कपाटाचा फोटो आणा. त्यात नसलेलं आम्ही शोधतो.

हेच 'द हॉलो मॅन' अमेरिकेत 'द थ्री कॉफिन्स' नावाने निघालं. अगाथा ख्रिस्तींचं 1934 चं 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' तिकडे 'मर्डर इन द कॅले कोच' झालं. मराठी अनुवादात तर शीर्षक साफ बदलू शकतं, आणि तेच पुस्तक दुसऱ्यांदा घेतलं जातं. मुखपृष्ठावर जाऊ नका. आतलं शीर्षकाचं पान उलटा, मागे बारीक अक्षरात बहुधा मूळ नाव आणि अनुवादकाचं नाव असतं. शंका असेल तर त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, आम्ही ताडून सांगतो.

मालिका घेताना क्रम विचारा. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी ब्योमकेश या गुप्तहेराच्या दोन कथा आधी लिहिल्या, पण त्याची ओळख होते ती नंतर लिहिलेल्या 'सत्यान्वेषी'त. सुरुवात तिथूनच करावी.

बदलून देण्याबाबत आमचा नियम कडक वाटतो, याची कल्पना आहे. सात दिवसांत, कण्यावर घडी न पडलेलं पुस्तकच आम्ही बदलतो. वाचून संपलेली रहस्यकथा नवी म्हणून पुढच्या ग्राहकाला देणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी घेण्याआधी इथेच बसून पहिली वीस पानं वाचा, खुर्ची खिडकीपाशी आहे. वाचून झालेली पुस्तकंही आणा. पानं सुटी झालेली नसतील, तर जुन्या पुस्तकांच्या कपाटासाठी आम्ही ती विकत घेतो आणि ती रक्कम पुढच्या बिलातून वजा करतो.