बसून वाजवणाऱ्याला वायरचाच इन-इअर घ्या

गणपतीत बेळगाव-खानापूरकडे मंडळाच्या स्टेजवर ऑर्केस्ट्रा लागला की सगळ्यांत जास्त कुचंबणा होते ती ड्रमसेटशेजारच्या कीबोर्डवाल्याची. स्वतःचे सूर कानावर येत नाहीत म्हणून तो साउंडवाल्याला ‘वाढव’ अशी खूण करतो. पायाजवळचा मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, वाढतो, तोच आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरून पुन्हा मॉनिटरमधून बाहेर पडतो आणि शिट्टी सुटते.

इन-इअर मॉनिटर, म्हणजे त्या स्पीकरऐवजी थेट कानात बसणारा इअरफोन, हे चक्र तोडतो. बाहेरचा आवाज अडवणं हे त्याचं पहिलं काम. नीट बसलेली टिप (कानात जाणारं मऊ टोक) साधारण २० ते ३० डेसिबल अडवते, आणि कानाच्या हिशेबात हा फरक प्रचंड आहे. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास काढता येतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. म्हणून आत किती ड्रायव्हर (आवाज काढणारे इवले स्पीकर) आहेत ते नंतर बघा, आधी टिपचं माप बघा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही. खर्ज पातळ लागला तर कुठेतरी फट राहिली आहे. फोमची टिप चिमटीत दाबून आत घालायची आणि ती फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची.

आता वायरीचं. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज बहुधा १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १५० मिलिसेकंदांचा उशीर झाला तर वादक आपलंच वाद्य पन्नास मीटरवरून ऐकतो. अशाने ठेका सांभाळणार कसा? स्टेजसाठीचे खास बिनवायरीचे रेडिओ सेट हा उशीर फार कमी ठेवतात, पण ते महाग, शिवाय सेल आणि फ्रिक्वेन्सी सांभाळा. पेटी, तबला, कीबोर्ड, ड्रम वाजवणारा जागचा हलत नाही. त्याने हा खर्च का करावा?

एक चूक मात्र हमखास होते. मिक्सरच्या ऑक्स आउटपुटमधून (मॉनिटरसाठी आवाज बाहेर काढायची जागा) बॅलन्स्ड, म्हणजे एकच आवाज दोन तारांवर सुलटा-उलटा असा येत असेल आणि त्याला इअरफोन थेट जोडला की दोन कानांत एकमेकांच्या उलट लहरी जातात; आवाज पोकळ आणि बिनबुडाचा लागतो. मध्ये छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हवाच, मोनोचं बटण (दोन्ही कानांत एकच आवाज देणारं) आणि लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा) असलेला. चालू माइक खाली पडला तर तो धक्का थेट कानाच्या पडद्यावर जाऊ नये, यासाठी लिमिटरवर पैसे वाचवू नका.

गायकाला कान बंद केल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. मग तो एक कान उघडा टाकतो. एका कानाने ऐकलेलं हळू वाटतं, म्हणून तो आवाज चढवतो आणि उघड्या कानावर स्टेजचा गोंगाटही आदळतो. त्यापेक्षा प्रेक्षकांकडे तोंड करून एक माइक लावावा आणि तो थोडासा दोन्ही कानांत सोडावा.