संगणकातली मुंबई आणि गुन्ह्यांचा अंदाज

२०२०च्या टाळेबंदीत एक मुंबई संगणकात वसवली गेली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या संशोधकांनी सुमारे सव्वा कोटी काल्पनिक मुंबईकर तयार केले. कुणाचं घर झोपडपट्टीत, कुणाचं इमारतीत. प्रत्येकाला वय, कुटुंब आणि रोजचा दिनक्रम. लोकल सुरू केली तर साथ किती पसरेल, हे त्यावरून पाहिलं गेलं. त्यातला एकही माणूस खरा नव्हता, पण त्यांची प्रमाणं जनगणनेशी जुळवलेली होती.

अशीच कृत्रिम वस्ती गुन्ह्यांच्या अंदाजासाठीही वापरता येते. त्यामागची कल्पना जुनी आहे. १८२९मध्ये आंद्रे-मिशेल गेरी यांनी आद्रियानो बाल्बी यांच्यासोबत फ्रान्सचे गुन्हेनकाशे काढले. पाठोपाठ बेल्जियमच्या अदोल्फ केटले यांनी दाखवलं की गुन्ह्यांचे आकडे वर्षानुवर्षं जवळपास तेच येतात. म्हणजे अंदाज बांधता येईल, ही आशा तेव्हाची.

माणसं ‘वसवण्याची’ युक्ती बरीच नंतरची. १९७१मध्ये थॉमस शेलिंग यांनी पटावर नाणी सरकवून दाखवलं की शेजाराबद्दलच्या साध्या आवडीनिवडीतूनही अख्खं शहर विभागलं जातं. मग १९७९मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी सूत्र मांडलं: चोरी करायला तयार माणूस, हाताशी सापडणारी वस्तू, आणि राखण करणारं कुणी नसणं, हे तिन्ही एकत्र आले की गुन्हा घडतो. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. दुपारी नवराबायको कामावर आणि शेजारचंही दार बंद, ही घरफोडीची वेळ. संध्याकाळी दादरचा पूल पाकीटमाराचा. ही रोजची ये-जाच संगणकात उतरवता येते. इंग्लंडमध्ये लीड्ससाठी संशोधकांनी असे काल्पनिक घरफोडे फिरवून पाहिले.

पोलिसांच्या हाती मात्र वेगळंच साधन आलं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ शहरात २०११पासून जुन्या नोंदींवरून उद्याची ठिकाणं सांगणारी प्रणाली वापरली गेली. २०२०मध्ये त्याच शहराने अशा अंदाजांवर बंदी घातली. का, ते कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड शहराबद्दलच्या २०१६च्या अभ्यासातून कळतं, आणि मला या सगळ्या इतिहासात तोच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी कृत्रिम लोकसंख्येवरून अमली पदार्थांच्या वापराचा अंदाज काढला. वापर शहरभर पसरलेला दिसला. पोलिसांच्या नोंदी मात्र मोजक्या वस्त्यांत दाटलेल्या होत्या. त्या नोंदी दिल्या की प्रणाली पुन्हा त्याच वस्त्यांकडे बोट दाखवत होती.

आपल्याकडे असं बोट दाखवण्याला संगणक लागला नव्हता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आधी उत्तरेत आणि पुढे मुंबई इलाख्यातही अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारध्यांची पोरं त्या शिक्क्यासह जन्मली, माणसांना हजेरी द्यावी लागली, सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. १९५२मध्ये कायदा रद्द झाला, पण कुठे काही चोरी झाली की पालावर धाड पडणं थांबलं नाही. त्या धाडींच्या नोंदीही दप्तरात आहेतच.

आणि दप्तरात काय नसतं, तेही मी पाहिलंय. कुर्ला आणि सायनच्या मध्ये डब्याच्या दारातून माझा मोबाइल हिसकावला गेला. चौकीत टेबलामागच्या हवालदारांनी अर्ज पुढे सरकवला. ‘‘गहाळ लिहा. नवीन सिमकार्डासाठी तेवढं पुरतं.’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, हिसकावलाय.’’ ते म्हणाले, ‘‘चोरी लिहिलीत तर हद्द ठरवावी लागेल. थांबणार का?’’ कामावर जायला उशीर होत होता. मी ‘गहाळ’ लिहून सही केली.

संगणकातल्या मुंबईला ही नोंद दिली, तर त्या दिवशी कुर्ला आणि सायनच्या मध्ये काहीही घडलेलं नाही.