हेल्पर एअरबॅग

जड ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन (चाकांवरचे, ओढून न्यायचे घर) ओढताना फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा मागचा भाग खाली बसू नये म्हणून मूळ स्प्रिंगच्या जोडीला बसवलेली, हवेने फुगवायची पिशवी. मराठीत तिला मदतनीस हवापिशवी म्हणता येईल. गॅरेजच्या बोलीत ती सरळ ‘फुगा’ होते. अपघाताच्या वेळी स्टिअरिंगमधून बाहेर येणाऱ्या एअरबॅगशी तिचे नावापलीकडे नाते नाही. बस, ट्रक आणि महागड्या मोटारींमधल्या पूर्ण एअर सस्पेन्शनशीही तिची गल्लत करू नये. तिथे सगळा भार हवेवरच असतो. इथे पोलादी स्प्रिंग जागच्या जागी राहते, बहुतेक भार तीच पेलते आणि हवा हातभार लावते.

हवेवर गाडी तोलण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील विल्यम हम्फ्रीज यांनी वाहनांसाठीच्या हवेच्या स्प्रिंगचे पेटंट १९०१ मध्ये घेतले. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअममध्ये चारही चाकांना हवेच्या स्प्रिंगा होत्या. त्या इतक्या गळायच्या की पुढे अनेक मालकांनी त्या काढून साध्या कॉइल, म्हणजे वेटोळ्याच्या पोलादी स्प्रिंगा, बसवून घेतल्या. मदतनीस पिशवीची वाट वेगळी. मिशिगन राज्यातील लान्सिंग येथे १९४९ मध्ये सुरू झालेली एअर लिफ्ट ही या धंद्यातली जुनी कंपनी. हवा गेली तरी गाडी पोलादावर उभी राहते, हा या मांडणीचा मोठा गुण आणि तिच्या दीर्घायुष्याचे कारणही.

मागचा भाग का बसतो

ट्रेलरचे बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते. थोडे वजन टो-बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, टेकते. ऑस्ट्रेलियात ते ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के धरतात. युरोपातल्या हलक्या कॅरॅव्हॅनमध्ये ते बरेच कमी असते. पण टो-बॉल मागच्या एक्सलच्या डोक्यावर नसतो. तो मीटर-सव्वा मीटर मागे लोंबत असतो, त्यामुळे सगळ्या गाडीची तरफ होते आणि मागचा एक्सल तिचा टेकू.

एक उदाहरण घेऊ. दोन एक्सलमधले अंतर २.८५ मीटर, बॉल मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे आणि बॉलवर २८० किलो. पुढच्या एक्सलवरून २८० × १.२ ÷ २.८५, म्हणजे सुमारे ११८ किलो उचलले जातात. मागच्या एक्सलवर वाढतात ते २८० नव्हे, ३९८ किलो. मागची स्प्रिंग दबते, नाक वर होते, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, स्टिअरिंग हलके आणि पोकळ वाटू लागते, आणि ब्रेक दाबल्यावर ज्या पुढच्या चाकांनी सर्वांत जास्त काम करायचे तीच रस्त्यावर हलकी पडलेली असतात.

आता पिशव्या फुगवल्या. मागचा भाग वर आला, गाडी सपाट झाली, दिवे रस्त्यावर आले. ही गाडी वजनकाट्यावर एकेक एक्सल चढवून तोलली तर आकडे जवळजवळ तेच दिसतात. पुढचे ११८ किलो परत आलेले नसतात. पिशवी उंची बदलते. वजन जिथे होते तिथेच राहते. या विषयावरचे निम्मे वाद उंची आणि वजन एकच समजल्याने होतात.

वजन पुढे ढकलण्याचे काम वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे वजन वाटून देणारी ट्रेलरची जोडणी, करते. तिचे लवचीक दांडे ताणून बसवले की हिचच्या सांध्यात उलट पीळ पडतो आणि मागच्या एक्सलवरचा काही भार पुढच्या एक्सलवर व ट्रेलरच्या चाकांवर जातो. दोन्ही वापरायच्या तर क्रमाला महत्त्व आहे. पिशव्यांत किमान दाब ठेवून आधी हिच जुळवायची, पुढची उंची जागेवर आली की मागे उरलेली थोडी कसर हवेने भरायची. उलट केले, आधी हवेने गाडी सपाट केली, तर दांडे किती ताणायचे हे सांगणारी खूणच पुसली जाते. खडबडीत रस्त्यासाठीच्या काही हिचवर असे दांडे बसत नाहीत. मग बॉलवरचे वजन कमी करणे आणि गाडीतले सामान पुढे आणणे एवढेच हाती उरते.

दोन घराणी

मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ टोयोटा प्राडो किंवा निसान पॅट्रोलच्या वाय-६१ पिढीत, पिशवी कॉइलच्या पोटात बसते. ती पॉलियुरेथेनसारख्या चिवट प्लास्टिकची नळकांडी असते. हवा काढून, गुंडाळी करून ती कॉइलच्या वेटोळ्यांमधून आत सरकवतात. बंप स्टॉप, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी ठोकळा, मध्ये येत असेल तर तो कापावा किंवा काढावा लागतो. पिशवी किती पेलते याचा अंदाज सोपा आहे. व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर, आणि २ बार दाबाला, म्हणजे सुमारे २९ पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच), एक पिशवी साधारण १६० किलो उचलते. अशा पिशव्यांची कमाल मर्यादा बहुधा ३० ते ४० पीएसआयच्या घरात असते. त्यापलीकडे पिशवी वेटोळ्यांच्या फटींतून फुगून बाहेर डोकावते आणि तिच्या अंगावर तारेचे वळ उठतात.

टोयोटा हायलक्स, फोर्ड रेंजर यांसारख्या पिकअपमध्ये मागे कॉइलऐवजी पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, असतात. तिथे जाड रबराची, दोन वळ्यांची घडीदार पिशवी चॅसीची (गाडीच्या पोलादी सांगाड्याची) पट्टी आणि एक्सल यांच्या मध्ये ब्रॅकेटने बसवतात. ती १०० पीएसआयपर्यंत दाब सोसते आणि खूप जास्त भार उचलते. तिच्या ताकदीतूनच पुढे वर्णन केलेली अडचण निघते.

दोन्ही प्रकारांत हवेचा एक स्वभाव उपयोगी पडतो. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे बंद हवेचे आकारमान निम्मे झाले की तिचा निरपेक्ष दाब दुप्पट होतो. म्हणून पिशवी दबत जाईल तशी ताठ होत जाते : बारीक खाचखळग्यांवर मवाळ, मोठ्या गचक्याला कडक. कडक पोलादी स्प्रिंग किंवा जादा पाटा बसवला तर ट्रेलर सोडल्यावर रिकामी गाडी दगडासारखी उसळते. पिशवीतली हवा सोडता येते, आणि पिशवी घेण्याचे खरे कारण हेच. रोज जड भार वाहणाऱ्याला मात्र योग्य ताकदीच्या स्प्रिंगाच बऱ्या.

वाकलेली चॅसी

पाट्यांच्या पिकअपची चॅसी केबिनच्या मागे वाकल्याची छायाचित्रे ऑस्ट्रेलियात वरचेवर फिरतात आणि दोष बहुतेक वेळा पिशव्यांवर येतो. त्यामागचे यंत्रशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. मूळ मांडणीत पाट्यांचा भार चॅसीत दोन जागी शिरतो : पुढच्या टोकाच्या पिनेवर आणि मागच्या टोकाच्या शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर. या दोन जागांमध्ये मीटरभराहून जास्त अंतर असते. मागचा आधार हौद्याच्या शेवटाकडे असतो, म्हणजे टो-बॉल ज्यावर बसतो त्या टो-बारच्या बराच जवळ. पिशवी आली की भाराचा मोठा हिस्सा मधल्या एका बिंदूतून, बरोबर एक्सलच्या वरून, चॅसीला ढकलू लागतो. शॅकलवरचा आधार तेवढा घटतो. एक्सलमागची चॅसी आता अधिक लांब, अधांतरी फळीसारखी वागते. तिच्या टोकाला टो-बॉल, वर मागच्या दारापर्यंत भरलेला हौदा. गाडी वेगात खोलगट भागात उतरून वर आली की ते टोक खाली जोर करते आणि चॅसीत सर्वांत जास्त वाकवणारा जोर पिशवीच्या आसपास आणि तिथून केबिनपर्यंतच्या पट्ट्यात येतो.

विक्रेते म्हणतात, चॅसी जादा भाराने वाकते, पिशवीने नाही. टीकाकार म्हणतात, भार एकाच बिंदूवर आणणारी पिशवीच कारण आहे. दोघांचेही अर्धे बरोबर. मर्यादेत भरलेल्या गाडीत, कमी दाबाची पिशवी सहसा इजा करत नाही. पण जादा भरलेली गाडी मागे बसते तेव्हा ती चालकाला काहीतरी सांगत असते, आणि ९० पीएसआय भरून गाडी सपाट केली की ते सांगणे बंद होते. भार तसाच असतो. पिशवीमुळे गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन, एक्सलची मर्यादा किंवा ओढण्याची क्षमता एक किलोनेही वाढत नाही. टायर, बेअरिंग आणि एक्सल यांना हवेची काहीच मदत पोचत नाही. कॉइलमधल्या पिशवीत बिंदूभाराचा प्रश्न सौम्य असतो, कारण ती स्प्रिंगच्याच बैठकीवर दाब देते.

दाब किती

हवा किती भरायची हे दाबमापकापेक्षा मोजपट्टी चांगले सांगते. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उभी उंची चारही चाकांना मोजून लिहून ठेवतात. टायरमधली हवा कमीजास्त असली तरी हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजत नाहीत. मग सामान भरून, ट्रेलर जोडून पुन्हा मोजायचे. मागचा भाग रिकाम्या उंचीपर्यंत आणण्याचा अट्टहास नको. भरलेली गाडी थोडी बसणारच. पुढची उंची रिकाम्या मापापेक्षा जास्त राहिली असेल तर ते काम हिचचे किंवा सामानाच्या मांडणीचे आहे. ट्रेलरही जमिनीशी समांतर हवा. मागे जास्त हवा भरून त्याचे नाक वर गेले तर दोन एक्सलच्या ट्रेलरमध्ये भार मागच्या जोडीवर सरकतो. ट्रेलर झोलू लागण्यावर पिशवी हा उपाय नाही.

पिशवीतली हवा लोट्याभर पाण्याएवढी थोडी. दाबमापक व्हॉल्व्हला लावताना ‘फिस्स’ होते तेवढ्यातच एक-दोन पीएसआय जातात, तर पेट्रोल पंपावरचा मोठा कॉम्प्रेसर डोळ्याचे पाते लवते तोवर मर्यादा ओलांडतो. सायकलचा हातपंप इथे उत्तम. उन्हाचाही फरक पडतो : पहाटे १० अंशांना २ बार भरलेली पिशवी दुपारी ४० अंशांना, तेवढ्याच भाराखाली, २.३ बारच्या आसपास दाखवते.

दोन्ही पिशव्यांना स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवावा. टी-जोड देऊन त्या एकत्र केल्या तर भरणे सोपे होते, पण वळणावर बाहेरच्या दबलेल्या पिशवीतली हवा आतल्या बाजूच्या पिशवीत जाते आणि गाडी जास्तच कलते. ताठ झालेल्या स्प्रिंगला जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर आवरू शकत नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते. गचक्यानंतर मागचा भाग दोन-तीनदा डोलत राहिला तर दोष हवेचा नसून त्यांचा असतो.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अनेक जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत मागच्या एक्सलला एका दांडीने जोडलेला, भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी बसली म्हणजे भार आहे असे समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पिशव्यांनी गाडी वर उचलली की व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, आणि मागे चारशे किलो वाढलेले असताना मागचे ब्रेक ढिले पडतात. पिशव्या बसवताना ती दांडी जुळवून घ्यावी लागते.

वाट सोडून जाताना

खडकाळ वाटेवर एक चाक वर, दुसरे खाली लोंबते तेव्हा दोन्ही टोकांना बोल्टने जखडलेली घडीदार पिशवी ताणली जाते. चाकाचा प्रवास पिशवीच्या लांबीपेक्षा जास्त असेल तर रबर किंवा ब्रॅकेट फाटते. गाडी चॅसीला जॅक लावून उचलली तरी हेच घडते. यासाठी खालचे टोक मोकळे सोडणाऱ्या वाटीदार बैठका मिळतात. कॉइलमधली पिशवी कुठे बांधलेली नसते. तिला धोका वेगळा. पूर्ण रिकामी असेल तर ती सुरकुतते, वेटोळ्यांच्या मध्ये चिमटते आणि तिथेच चिरते. म्हणून ट्रेलर सोडला तरी सुमारे ५ पीएसआय आत ठेवतात.

सायलेन्सरची नळी जवळून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा लावतात. भाजलेले प्लास्टिक आधी चकाकते, मग कडक होते. पिशव्या मात्र बहुतेक वेळा जातात त्या बारीक वाळूने. ती वेटोळे आणि पिशवी यांच्यामध्ये शिरते, हजार-दोन हजार किलोमीटर कच्च्या रस्त्यावर पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आणि एका सकाळी गाडीची एक बाजू दोन बोटे खाली दिसते. तेव्हा साबणाच्या पाण्याचा फडका नळीच्या जोडांवरून आणि पिशवीच्या अंगावरून फिरवतात. गळती बहुतेकदा जोडात सापडते. नळीचे टोक वाकडे कापले गेलेले असते, ते धारदार पात्याने काटकोनात कापून पुन्हा खोचले की बुडबुडे थांबतात. बुडबुडा पिशवीच्या अंगावरच उठला तर ठिगळ टिकत नाही. पिशवी बदलावी लागते. तोवर गाडी आपल्या पोलादी स्प्रिंगवर, थोडी मागे बसून, सावकाश घरी नेता येते.