आनंद, चिरस्थायी (ख्रिस्ती धर्म)

आनंद, चिरस्थायी : ईश्वराशी जडलेल्या नात्यातून उपजणारी आणि बाह्य परिस्थितीच्या चढउतारांनी न ओसरणारी प्रसन्नता, असा या संज्ञेचा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सर्वसाधारण अर्थ. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (५:२२) आत्म्याच्या फळाची जी यादी दिली आहे, तीत प्रीतीच्या पाठोपाठ आनंद येतो. सुख, उत्साह, समाधान यांच्याशी त्याची सरमिसळ व्यवहारात होतच असते. धर्मशास्त्रज्ञ मात्र भेद करतात तो आनंदाच्या विषयावरून : आनंद कशाबद्दल आहे, यावर त्याचा टिकाऊपणा ठरतो. त्यामुळे तो दुःखासह एकाच मनात नांदू शकतो, असे मानले जाते, ‘दुःखी असूनही सदैव आनंद करणारे’ या आशयाचे पौलाचे स्ववर्णन (२ करिंथ. ६:१०) या संदर्भात नेहमी उद्‌धृत होते.

जुन्या करारात आनंद बहुतांशी सामुदायिक आहे. कापणी, विजय, सण आणि मंदिरातील उपासना हे त्याचे प्रसंग. अनुवाद नावाच्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात तर सणाच्या दिवशी मुलेबाळे, दासदासी, लेवी (मंदिरसेवक), परका, अनाथ व विधवा या सर्वांनी मिळून आनंद करावा, अशी आज्ञाच आहे. ‘सार्वकालिक आनंद’ हा शब्दप्रयोग यशयाच्या ग्रंथात येतो (३५:१०) आणि ते वचन जवळजवळ जसेच्या तसे ५१:११ मध्ये पुन्हा आढळते. बंदिवासातून मुक्त झालेले लोक गात-गात सियोनास (यरुशलेमेस) परततील, असा त्याचा आशय. ग्रंथाचा चाळिसाव्या ते पंचावन्नाव्या अध्यायांचा भाग बॅबिलोनमधील बंदिवासाच्या अखेरीस, म्हणजे इ. स. पू. सहाव्या शतकात रचला गेला, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात. पस्तिसावा अध्याय त्याच्या आधी येत असला, तरी भाषा व प्रतिमा यांवरून तोही त्याच किंवा त्यानंतरच्या काळातला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

परिस्थिती पूर्ण प्रतिकूल असतानाही आनंद करण्याचा निर्धार हबक्कूक या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्टपणे व्यक्त होतो. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असे तो म्हणतो (३:१७-१८). हा अध्याय मूळ ग्रंथाचा भाग होता की नाही, याविषयी वाद आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे सापडलेले हबक्कूकावरील भाष्य पहिल्या दोन अध्यायांपुरतेच आहे आणि तिसऱ्याला स्तोत्राचे स्वतंत्र शीर्षक व संगीतविषयक सूचना आहेत. तथापि मृत समुद्राच्या परिसरातील इतर प्राचीन हस्तलिखितांत तो आढळतो. शिवाय भाष्यकाराने आपल्या हेतूला उपयोगी तेवढाच भाग घेतला असणे शक्य आहे. तेव्हा केवळ त्या भाष्यावरून अध्याय प्रक्षिप्त ठरवणे घाईचे होईल.

नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानात आरंभीच्या अध्यायांत मेंढपाळांना मोठ्या आनंदाची वार्ता मिळते आणि शेवट शिष्य आनंदाने यरुशलेमेस परतण्याने होतो. योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभाच्या आदल्या रात्रीच्या संभाषणात येशू प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत देतो : वेळ आली म्हणजे तिला क्लेश होतात, पण बालक जन्मल्यावर त्या क्लेशांची आठवण उरत नाही. त्याचप्रमाणे शिष्यांचा आनंद त्यांच्यापासून कोणी हिरावून घेणार नाही, असे तो सांगतो (१६:२०-२२). चिरस्थायी आनंदाच्या पुढील विवेचनाचा हे वचन एक प्रमुख आधार होय. आनंदाचे स्थैर्य येथे मनाच्या कणखरपणावर सोपवलेले नाही. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या पुनर्भेटीवर ते टेकलेले आहे.

पौलाच्या पत्रांपैकी फिलिप्पैकरांस पत्र या विषयाचे प्रमुख साधन आहे. चार अध्यायांच्या या छोट्या पत्रात आनंदवाचक नामे व क्रियापदे मिळून सु. सोळा वेळा येतात आणि ते लिहिणारा स्वतः बेड्यांत आहे. हा तुरुंग कोठला, हा प्रश्न दोनशेहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. परंपरेनुसार तो रोममधील (सु. ६०-६२). पत्रातील प्रेतोर्य (राज्यपालाचा वाडा किंवा सम्राटाचे रक्षकदल; १:१३) व कैसराच्या (सम्राटाच्या) घरची मंडळी (४:२२) हे उल्लेख त्याला अनुकूल आहेत. पॅलेस्टाइनमधील कैसरियाचा पक्ष अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला गेला. प्रेषितांच्या कृत्यांनुसार पौल तेथे दोन वर्षे हेरोदाच्या प्रेतोर्यात कैदेत होता, हे त्याचे बळ. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान व इतरांनी आशिया प्रांतातील इफिसचा (सु. ५२-५५) पुरस्कार केला. पत्रातून फिलिप्पै व कारागृह यांच्यातील अनेक फेऱ्या सूचित होतात. पौल कैदेत असल्याची बातमी फिलिप्पैला पोहोचते, तेथील मंडळी एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठवते, तो मरणाच्या दारापर्यंत आजारी पडतो, ती वार्ता फिलिप्पैस जाते आणि तेथील लोक काळजीत पडल्याचे एपफ्रदीताला परत कळते. रोमहून हा प्रवास कित्येक आठवड्यांचा, तर इफिसहून थोड्या दिवसांचा. उलटपक्षी, इफिसमधील कारावासाचा प्रत्यक्ष उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत नाही. तो पौलाच्या इतर पत्रांतील संकटांच्या वर्णनावरून अनुमानावा लागतो. शिवाय आशिया हा सिनेटच्या अखत्यारीतील प्रांत असल्याने तेथे प्रेतोर्य असण्याबद्दलही शंका घेतली जाते. रोममधील दोन वर्षांच्या कैदेत अशा फेऱ्या सहज बसतात, हे लक्षात घेता रोमचा पक्ष सोडण्याइतका पुरावा नाही.

पत्राच्या एकसंधतेचाही प्रश्न आहे. ‘प्रभूमध्ये आनंद करा’ असे म्हणून (३:१) समारोपाकडे वळलेला पौल पुढच्याच वचनात एकदम ‘त्या कुत्र्यांविषयी सावध राहा’ असा कडाडतो. स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याने दुसऱ्या शतकात फिलिप्पैकरांना लिहिताना पौलाने त्यांना पाठवलेल्या ‘पत्रांचा’ अनेकवचनी उल्लेख केला आहे. यावरून दोन-तीन पत्रे एकत्र जोडली गेली असावीत, असा तर्क केला जातो. सु. २०० मधील पपायरस ४६ या सर्वांत जुन्या हस्तलिखितात मात्र ते एकच पत्र म्हणून येते. कारागृह कोठलेही मानले आणि पत्रे कितीही मानली, तरी मृत्युदंडाची शक्यता लेखकासमोर होती (१:२०-२३, २:१७), एवढे निश्चित. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ (४:४) या आज्ञेला तिचे वजन येते ते त्यामुळे.

आनंदाची आज्ञा कशी करता येते, हा प्रश्न पुढे तत्त्वज्ञांना पडला. सेंट ऑगस्टीनने (३५४-४३०) सुखी जीवन म्हणजे सत्याविषयीचा आनंद, अशी व्याख्या केली. वस्तू वापरणे आणि वस्तूचा तिच्यासाठीच उपभोग घेणे असा भेद करून, अखेरचा उपभोग्य विषय एक ईश्वरच होय, असे त्याचे प्रतिपादन. त्याच्या मते मन ईश्वरात विसावल्यावरच शांत होते. निसाचा ग्रेगरी (सु. ३३५-सु. ३९५) विसाव्याऐवजी वाटचालीची कल्पना मांडतो : ईश्वर अनंत असल्याने त्याच्याकडे जाणे कधी संपत नाही, प्रत्येक तृप्ती नवी ओढ निर्माण करते आणि ही न संपणारी प्रगतीच परमानंद होय. पश्चिमेत ऑगस्टीनचा व पूर्वेत ग्रेगरीचा प्रभाव अधिक राहिला, असे ढोबळमानाने म्हणता येते.

टॉमस अक्वायनस (सु. १२२५-१२७४) आनंदाला वेगळा सद्गुण मानत नाही, तो प्रीतीचा परिणाम होय. प्रिय व्यक्ती जवळ असली किंवा तिचे भले झाले, तर आनंद होतो. ईश्वराचे कल्याण कधीच बदलत नाही आणि प्रीती करणाऱ्याच्या ठायी तो वसतो, म्हणून हा आनंद टिकतो. आनंदाची आज्ञा ही म्हणूनच वस्तुतः प्रीतीची आज्ञा ठरते. या जन्मात मात्र तो परिपूर्ण होत नाही. या आनंदाचा विरोधी दोष म्हणून अक्वायनस आध्यात्मिक मरगळीची चर्चा करतो. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांना ही मरगळ चांगली परिचित होती. दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटू लागते, तपस्वी कोठडीबाहेर डोकावून कोणी बंधू भेटायला येतो आहे का ते पाहतो आणि त्याला राहती जागाच नकोशी होते, असे तिचे वर्णन चौथ्या शतकातील इव्हाग्रिअसने केले आहे.

पूर्ण आनंद नेमका केव्हा सुरू होतो, यावरून चौदाव्या शतकात मोठा वाद झाला. पोप बावीसावे जॉन यांनी १ नोव्हेंबर १३३१ रोजी आव्हीन्यों येथील प्रवचनात असे मत मांडले, की पुण्यात्मे मृत्यूनंतर ख्रिस्ताच्या मानवी स्वरूपाच्या सान्निध्यात असतात. ईश्वरी तत्त्वाचे साक्षात दर्शन त्यांना अंतिम न्यायानंतरच घडेल. वेदीखाली वाट पाहणारे आत्मे (प्रकटी. ६:९) आणि बाराव्या शतकातील मठाधिपती क्लेअरव्होचा बर्नार्ड याची प्रवचने हा त्यांचा आधार होता. पुढील काही आठवड्यांतील प्रवचनांत त्यांनी हाच विचार विस्ताराने मांडला. डॉमिनिकन संन्यासी संघाच्या विद्वानांनी आक्षेप घेतला. १३३३ च्या डिसेंबरात फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने बोलावलेल्या सभेत पॅरिसच्या धर्मशास्त्रज्ञांनीही विरुद्ध निर्णय दिला. वादात पोपच्या विरोधकांचे राजकारणही होते, पण प्रश्न निव्वळ राजकीय नव्हता : आनंद पुढे ढकलला गेला, तर संतांच्या मध्यस्थीला अर्थ काय, ही खरी अडचण. आपण हे मत खाजगी विद्वान म्हणून मांडले, असे जॉन म्हणत असत. ४ डिसेंबर १३३४ रोजी मरण पावण्यापूर्वी, आदल्या दिवशी, त्यांनी ते मागे घेतले. त्यांचे उत्तराधिकारी बारावे बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ च्या आज्ञापत्रात ठरवून टाकले, की शुद्ध झालेल्या आत्म्यांना न्यायदिनापूर्वीच ईश्वराचे प्रत्यक्ष दर्शन होते आणि ते अखंड टिकते. शरीराच्या पुनरुत्थानानंतर या आनंदात भर पडते का, हा उपप्रश्न त्यात सोडवलेला नाही. अक्वायनसच्या उत्तरकालीन मतानुसार तो तीव्रतेने वाढत नाही, व्याप्तीने वाढतो. ऑर्थोडॉक्स चर्चने ही व्याख्या स्वीकारलेली नाही. न्यायदिनापर्यंत पूर्वास्वाद आणि त्यानंतर पूर्णता, अशी तेथील सर्वसाधारण धारणा आहे.

भक्तिपरंपरेत आसीसीच्या सेंट फ्रान्सिसची (सु. ११८१-१२२६) परिपूर्ण आनंदाची कथा प्रसिद्ध आहे. तिचे विस्तृत रूप चौदाव्या शतकातील संग्रहात मिळते. बंधू लिओला सांगितलेले छोटे लॅटिन रूप मूळच्या अधिक जवळचे असावे. त्यात पेरूजाहून हिवाळ्याच्या रात्री चिखलातून परतणाऱ्या फ्रान्सिसच्या झग्याच्या काठाला बर्फाच्या कांड्या धरल्या आहेत आणि त्या नडग्यांवर आपटून रक्त निघते आहे. दार ठोठावल्यावर आतला बंधू त्याला अडाणी म्हणून हाकलून देतो. अशा वेळी धीर सुटला नाही आणि मन क्षुब्ध झाले नाही, तर तोच खरा आनंद, असे तो सांगतो. पॅरिसचे सारे आचार्य आपल्या संन्यासी संघात आले किंवा आपण चमत्कार केले, त्यात तो नाही.

धर्मसुधारणेच्या काळात चर्चेचा रोख तारणाच्या खात्रीकडे वळला. आपण नीतिमान ठरलो आहोत असा भरवसा असला, तरच विवेक आनंदी राहील, ही ल्यूथरची भूमिका. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी याला उत्तर दिले : आपल्याला कृपा लाभली आहे हे श्रद्धेच्या निःसंदिग्ध खात्रीने कोणालाही जाणता येत नाही. प्रॉटेस्टंटांतही एकवाक्यता नव्हती. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धापत्रिकेनुसार ही खात्री श्रद्धेचा अनिवार्य घटक नाही आणि खऱ्या श्रद्धावंताचीही खात्री डळमळू शकते; तरी तिच्याच जोडीच्या लघुप्रश्नोत्तरीने मानवाचे मुख्य प्रयोजन ईश्वराचे गौरव करणे व सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद मानणे, असे सांगितले. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट मार्गावरील सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, अंतःकरण उबदार झाल्याचा अनुभव आला. फारसा वेळ गेला नाही तोच ‘ही श्रद्धा नसावी, तुझा आनंद कोठे आहे ?’ अशी शंका मनात उठली, हेही त्याने रोजनिशीत नोंदवले आहे. शांती व पापावरील विजय हे श्रद्धेचे अंगभूत भाग, परंतु आनंदाचे उमाळे ईश्वर कधी देतो, कधी राखून ठेवतो, असे समाधान त्याला मिळाले. भाविक उमाळ्यांचीच आठवण ठेवतात आणि हा पुढचा भाग गाळतात.

उपासनेत आनंदाचे काळ ठरलेले आहेत. पुनरुत्थानाच्या सणापासून (ईस्टरपासून) पेंटेकॉस्टपर्यंतच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतच्या) पन्नास दिवसांत व रविवारी गुडघे टेकू नयेत, असा नियम नायसीया परिषदेने (३२५) विसाव्या कलमात केला. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याच्या लेखनावरून ही प्रथा त्यापूर्वीही शतकभर रूढ असल्याचे दिसते. पाश्चात्त्य चर्चमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आलेलूया (‘परमेश्वराची स्तुती करा’ हा घोष) गात नाहीत. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारची प्रवेशगीती फिलिप्पै. ४:४ वरून घेतलेली असून त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे वापरता येतात. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारीही तशीच सवलत आहे.

आधुनिक काळात पोप सहावे पॉल यांनी ९ मे १९७५ रोजी केवळ ख्रिस्ती आनंद या विषयावर प्रेषितीय उद्बोधन काढले. तंत्रज्ञानाने सुखाची साधने वाढवली, पण आनंद निर्माण करणे त्याला जड जाते, असे निरीक्षण त्यात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१३ च्या उद्बोधनात शुभवर्तमानाच्या आनंदाचा संबंध धर्मप्रसाराशी व गरिबांशी जोडला. दीर्घ मानसिक विषण्णता व आध्यात्मिक मरगळ यांच्यात भेद करावा आणि विषण्ण व्यक्तीला आनंदाच्या अभावाबद्दल दोषी ठरवू नये, यावर भाविकांच्या सांभाळाविषयीच्या अलीकडच्या पाळकीय लेखनात भर दिलेला आढळतो.