कोलेस्टेरॉल उतरल्याने ल्युकेमिया होत नाही

"कोलेस्टेरॉल कमी झालं की ब्लड कॅन्सर होतो, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सोडा, तूप वाढवा." पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हापुन्हा येतो.

त्यात एक गोष्ट खरी आहे, म्हणूनच तो पटतो. ल्युकेमियाच्या (म्हणजे ब्लड कॅन्सरच्या), विशेषतः तीव्र प्रकारच्या, बऱ्याच रुग्णांचं कोलेस्टेरॉल निदानावेळी कमी असतं. पण क्रम उलटा आहे. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना आवरण बांधायला कोलेस्टेरॉल लागतं, म्हणून त्या रक्तातलं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) ओढून घेतात. आजार आटोक्यात आला की आकडा बहुधा पुन्हा चढतो, तूप न वाढवताही. घरात असा रुग्ण असेल तर फाइलमधले सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिपिडचे (कोलेस्टेरॉल वगैरे चरबीचे) रिपोर्ट तारखेनुसार शेजारी लावून बघा.

ल्युकेमियाचं निदान लिपिडवरून होतच नाही. त्यासाठी सीबीसी, स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि बहुधा अस्थिमज्जेची तपासणी लागते. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया थांबवू नका, त्या हृदयासाठी आहेत.