तीन पूर्वजांची लेकरे, एका झाडाच्या प्रती

मोसंबीची एक बी ओल्या मातीत पेरली, तर तिच्यातून पुष्कळदा एकाऐवजी दोन किंवा तीन रोपे उगवतात. त्यांपैकी फार तर एखादे रोप परागकण आणि अंडपेशी यांच्या मीलनातून जन्मलेले असते. बाकीची रोपे बीजांडातील मातृवृक्षाच्या साध्या शरीरपेशींपासून तयार होतात आणि त्यांत पित्याचा अंशही नसतो. बी दिसायला नेहमीसारखीच असली, तरी तिच्या पोटात मातृवृक्षाच्याच प्रती दडलेल्या असतात. लिंबूवर्गीय फळांची थोरवी आणि त्यांच्यावर आज ओढवलेले संकट, या दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या तर या विलक्षण बीपासूनच सुरुवात करावी लागते.

या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेयेकडील पायथ्याच्या प्रदेशात, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात झाला, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 60 जनुकसंचांच्या तौलनिक अभ्यासावरून दिसते. सुमारे 60 ते 80 लाख वर्षांपूर्वी हवामान बदलत असताना तेथील मूळ वनस्पतीचे वंशज आशियात झपाट्याने पसरले आणि त्यांच्या वेगवेगळ्या जाती झाल्या. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लिंबूवर्गीय फळांच्या मुळाशी त्यांतील तीन जाती आहेत: पांढरा जाड गाभा आणि नावापुरताच रस असलेले महाळुंग, आकाराने सर्वांत मोठे पपनस आणि सहज सुटणाऱ्या सालीचे संत्रे. पपनस आणि संत्रे यांच्या वारंवार झालेल्या संकरांतून मोसंबी ज्या जातीत मोडते ती गोड नारिंगाची जात आली. याच दोघांच्या सरळ संकरातून आंबट नारिंग आले, आणि त्याच्या फुलावर महाळुंगाचे पराग पडून पिवळे लंबगोल लिंबू जन्मले. कागदी लिंबाचा पिताही महाळुंगच, मात्र त्याची माता फिलिपाईन्समधील एक रानटी जात आहे. ग्रेपफ्रूट तर अगदी अलीकडचे. पपनस आणि गोड नारिंग यांचा तो संकर कॅरिबियन बेटांवर अठराव्या शतकात नोंदला गेला. हरितलवकांतील जनुके केवळ मातेकडून येतात, म्हणूनच या घराण्यात माता कोण आणि पिता कोण हे इतक्या नेमकेपणाने सांगता येते.

संकरातून आलेल्या झाडाचे गुण पुढच्या पिढीत सहसा विखुरतात. येथे तसे झाले नाही, याचे श्रेय त्या बीला आहे. शरीरपेशींपासून भ्रूण घडवण्याची क्षमता एका विशिष्ट जनुकाशेजारी घुसलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्याशी निगडित असल्याचे 2017 साली दाखवण्यात आले. ही देणगी संत्र्याच्या वंशाकडून गोड नारिंगाला मिळाली. पपनस आणि महाळुंग यांच्यात ती नाही. परिणामी जगातील सर्व गोड नारिंगे, मग त्यांचे वाण कितीही असोत, मुळात एकाच संकरित झाडाची वंशावळ आहेत. वाणांमधील फरक आले ते एखाद्या फांदीच्या कळीत अचानक झालेल्या जनुकीय बदलांमुळे, आणि असे बदल माणसाने त्या फांदीचा डोळा, म्हणजे कळीचा तुकडा, दुसऱ्या झाडावर बांधून टिकवले. रक्तवर्णी नारिंगाचा गर लाल होतो, कारण रंगद्रव्याच्या नियंत्रक जनुकाशेजारी एक फिरता जनुकीय घटक येऊन बसला आहे. तो थंडीत जागा होतो, म्हणून गार रात्री लाभल्या नाहीत तर तो लाल रंग नीट चढत नाही.

ब्राझीलच्या बाईया प्रांतात अशाच एका बदलातून बिनबियांचे नाभीनारिंग मिळाले. त्याची कलमे 1870 साली वॉशिंग्टनला आणि तेथून 1873 साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडला पोहोचली. तेथे लावलेल्या मूळ झाडांपैकी एक अजून उभे आहे आणि जगभरातील नाभीनारिंगाच्या असंख्य झाडांत त्याचीच कलमे आहेत. ही कामगिरी मला अफाट वाटते. एका फांदीवरचा योगायोग दीड शतकाहून अधिक काळ, खंडांच्या सीमा ओलांडून, चवीत फरक न पडता जपला गेला आहे.

मात्र एकसारख्या झाडांची दुबळी बाजूही एकसारखीच असते. एकोणिसाव्या शतकात डिंक्या रोगाने मुळे आणि खोडे सडू लागली, तेव्हा त्याला दाद न देणाऱ्या आंबट नारिंगाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसह खालच्या खोडावर, कलमे करण्याची पद्धत रूढ झाली. पुढे 1930 च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत ट्रिस्टेझा विषाणू पसरला. मावा किडीमार्फत पसरणारा हा विषाणू नेमक्या याच जोडीत, गोड नारिंगाच्या कलमाखाली आंबट नारिंगाचा खुंट असला की, सांध्याजवळच्या अन्नवाहिन्या मारतो, आणि मुळे उपाशी राहून झाड वाळते. लक्षावधी झाडे अशी गेली.

आजचा शत्रू त्याहून कठीण आहे. ग्रीनिंग रोगाचे जिवाणू सायला नावाच्या सूक्ष्म किडीमार्फत झाडाच्या अन्नवाहिन्यांत शिरतात. पाने ठिपकेदार पिवळी पडतात, फळे वेडीवाकडी, कडू आणि देठाऐवजी टोकाकडे हिरवी राहतात. लागण झालेले झाड पूर्ण बरे करणारा उपाय अद्याप नाही. फ्लोरिडात हा रोग 2005 साली आढळला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत तेथील नारिंगाचे उत्पादन नऊ-दशांशाहून अधिक घटले. वादळांनीही त्यात भर घातली. रिव्हरसाइडच्या त्या जुन्या झाडालाही आता किडीपासून वाचवण्यासाठी जाळीच्या मंडपाखाली ठेवले आहे.

या रोगाला तोंड देण्याची ताकद काही रानटी नातलगांत आहे. ऑस्ट्रेलियातील बोटासारख्या लांबट फळांचे फिंगर लाइम त्यांपैकी एक असून, त्यातून जिवाणूंना मारणारे एक लहान प्रथिन संशोधकांनी वेगळे केले आहे. ही ताकद संकराने गोड नारिंगात आणणे मात्र सोपे नाही. मातृवृक्ष म्हणून गोड नारिंग निवडले, तर उगवणारी बहुतेक रोपे त्याच्याच प्रती निघतात. म्हणून अनेकदा एकाच भ्रूणाची बी देणारा पपनससारखा मातृवृक्ष निवडून गोड नारिंगाचे पराग त्यावर टाकावे लागतात, संकरित रोपे जनुकीय चाचणीने ओळखावी लागतात, आणि मग काटेरी, न फुलणाऱ्या त्या रोपांना पहिले फळ येईपर्यंत बऱ्याचदा पाच ते दहा वर्षे वाट पाहावी लागते.