फुलबाजीने काही होत नाही?

दिवाळी आली की एक मेसेज फिरतो: "बॉम्ब नकोत, लहानग्यांना फुलबाजी द्या, तिने भाजत नाही."

हा समज पसरायला कारण आहे. फुलबाजीची ठिणगी हातावर पडली तरी नुसतं टोचल्यासारखं होतं. ठिणगी म्हणजे लोखंडाचा वा ॲल्युमिनियमचा जळता कण. तो प्रचंड तापलेला असतो, पण इतका बारीक की त्यात उष्णता थोडीच मावते. जळत्या टोकाचं आणि तारेचं तसं नाही. टोकाचं तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर जातं. जळगावच्या सराफाकडे सोनं वितळतं ते 1064 अंशांना!

पडताळणी सोपी आहे. विझलेली फुलबाजी मोठ्या माणसाने लगेच पाण्याच्या बादलीत बुडवावी. चर्र आवाज येतो. ज्योत गेली तरी तार तापलेलीच असते, आणि अनवाणी पोरं अंगणात नेमकी त्याच तारेवर पाय देतात.

आपल्या खानदेशात आणखी एक गोष्ट. दिवाळीत कपाशीची वेचणी चालू असते, ओसरीत, खोलीत कापूस भरलेला असतो. त्याला ती बारीक ठिणगीही पुरते. म्हणून फुलबाजी कापसापासून, कडब्यापासून लांबच पेटवा. एका वेळी एकच, सुती कपड्यांत, मोठं माणूस शेजारी.

भाजलंच तर टूथपेस्ट, तूप लावू नका. वीस मिनिटं वाहतं साधं पाणी धरा. फोड मोठा असेल किंवा चेहरा, डोळा भाजला असेल तर थेट दवाखाना गाठा.